मृत्युपत्र आणि मालमत्तेचे नियोजन : एक आढावा

आपल्या पश्चात आपल्या मालमत्तेचे काय व्हावे, याची माणसाने हयातीत लिहून ठेवलेली कायदेशीर घोषणा म्हणजे मृत्युपत्र. लिहिणारा जिवंत आहे तोवर त्या कागदाने कोणालाही हक्क मिळत नाही. तो कागद कितीही वेळा बदलता येतो, रद्द करता येतो, फाडूनही टाकता येतो. मृत्यूनंतर मात्र तो अंमलात येतो. भारतात याचे मुख्य नियम भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये आहेत. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती आणि पारशी यांच्या मृत्युपत्रांना थोड्याफार फरकाने हा कायदा लागू होतो. मुस्लिमांच्या मृत्युपत्रांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू असतो आणि गोव्यात तिथला स्वतंत्र कायदा चालतो.

मृत्युपत्र केले नाही म्हणून वाटणी थांबत नाही. ती कायदा करतो, आणि कायद्याला घरातली माणसे ठाऊक नसतात, फक्त नाती ठाऊक असतात. आजारपणात कोणी पाहिले, कोणाला आधीच फ्लॅट घेऊन दिला, कोणते मूल स्वतःच्या पायावर उभे राहू शकणार नाही, यांतले काहीच तो विचारात घेत नाही. मृत्युपत्राचे महत्त्व समजून घ्यायचे तर ते नसताना काय घडते, इथूनच सुरुवात करावी लागते.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार त्याची मालमत्ता प्रथम वर्गातील वारसांकडे जाते. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई प्रामुख्याने येतात आणि त्यांचे हिस्से सारखे असतात. वडील या वर्गात नाहीत. ते दुसऱ्या वर्गात आहेत, म्हणजे पहिल्या वर्गातला एकही वारस असला तर त्यांना काही मिळत नाही. मुलाच्या घरासाठी आयुष्यभराची पुंजी देणाऱ्या वडिलांना त्या घरात कायद्याने हिस्सा नसतो, ही गोष्ट बहुतेक कुटुंबांना घटना घडून गेल्यावरच कळते. मूल नसलेल्या जोडप्यात नवरा गेला आणि त्याची आई हयात असली, तर त्याच्या नावावरच्या फ्लॅटचा निम्मा हिस्सा पत्नीचा आणि निम्मा सासूचा होतो. पुढे सासूबाई मृत्युपत्राविना गेल्या की त्यांचा निम्मा हिस्सा त्यांच्या इतर मुलामुलींकडे जातो. दोघांनी मिळून हप्ते फेडलेल्या घरात विधवेचे भागीदार म्हणून दीर आणि नणंदा येतात. यात लबाडी कोणाचीच नसते. कायद्याचा सरळ अर्थच तो आहे.

हिंदू स्त्रीच्या बाबतीत हा कायदा याहूनही कठोर आहे. तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि पतीचा. ते नसतील तर ती पतीच्या वारसांकडे जाते, आणि तेही नसतील तेव्हाच तिच्या आईवडिलांकडे. आईवडिलांकडून वारसाहक्काने आलेली मालमत्ता मूल नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परतते, माहेरच्या बाजूने एवढाच काय तो अपवाद. स्वतःच्या कमाईला तो लागू होत नाही. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये नेमका हाच प्रश्न आला. लग्नानंतर तीन महिन्यांतच एका स्त्रीचा नवरा सर्पदंशाने वारला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा साठवला आणि मृत्युपत्र न करता गेली. तिचा सगळा पैसा, ज्या सासरने तिला हाकलले होते त्या सासरच्या, म्हणजे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाला. सहानुभूती बाजूला ठेवून कायदा पाळावा लागतो, अशीच न्यायालयाची भूमिका होती. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कायद्यावरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने हिंदू स्त्रियांना, विशेषतः ज्यांना पती वा मुले नसतील अशांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. त्या एका कागदाने खटल्यातल्या त्या स्त्रीची कमाई तिच्या आईकडे, भावंडांकडे किंवा तिला हव्या त्या संस्थेकडे गेली असती.

काही नाती तर कायद्याच्या यादीतच नाहीत. रीतसर दत्तक न घेता सांभाळलेले मूल, पत्नीचे आधीच्या लग्नाचे मूल, लग्नाशिवाय सोबत राहणारा जोडीदार, वीस वर्षे घर सांभाळणारी बाई यांना मृत्युपत्राशिवाय काहीही मिळू शकत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला हक्कसोडपत्राचा आणखी एक पदर आहे. वडील गेले की सातबारावर वारसनोंद होते आणि त्यात मुलींची नावे लागतात. मग काही दिवसांनी बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले जाते. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये, काही अटींसह, दिला. देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने, त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, तो मुलीचाच असल्याचे स्पष्ट केले. कायदा इतका पुढे आला तरी सहीच्या टेबलाशी बहीण एकटीच असते. मुलीला काही द्यावे असे ज्या आईवडिलांना मनापासून वाटते, त्यांनी ते मृत्युपत्रात गट क्रमांकासह आणि क्षेत्रासह लिहून ठेवले तर मागण्याचा अवघडपणा तिच्या वाट्याला येत नाही. मृत्युपत्राने मुलींना वगळताही येते, हेही इथे नोंदवले पाहिजे. अनेकदा त्याचा वापर त्याचसाठी होतो. मात्र वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत माणसाला फक्त स्वतःच्या हिश्श्याचे मृत्युपत्र करता येते. मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा त्याच्या हाती नसतो.

कागद म्हणून मृत्युपत्राची रचना फार साधी आहे, आणि ही गोष्ट लोकांना पटत नाही. वय १८ पूर्ण असावे, मन ठिकाणावर असावे. मुद्रांक कागद लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, नोटरीची गरज नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलेले मृत्युपत्र पूर्णपणे वैध असते. कायद्याचा आग्रह आहे तो सही आणि साक्षीचा. लिहिणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहावी किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकावे. आणि प्रत्येक साक्षीदाराने त्याच्या समक्ष स्वतःची सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणे आवश्यक नाही, मजकूर त्यांना माहीत असणेही आवश्यक नाही. बहुतेक मृत्युपत्रे न्यायालयात कोसळतात ती मात्र याच पायरीवर. कोणीतरी कागद घरोघर फिरवून साक्षीदारांच्या सह्या गोळा करते आणि उलटतपासणीत साक्षीदार सांगतो, ‘मी सही केली तेव्हा काका तिथे नव्हते.’ नोटरीचा शिक्का ही उणीव भरून काढत नाही.

साक्षीदार निवडताना म्हणूनच विचार हवा. मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी किमान एका साक्षीदाराने न्यायालयात येऊन सांगावे लागते. तो लिहिणाऱ्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारा आणि मालमत्तेत हितसंबंध नसलेला असावा. ख्रिस्ती आणि पारशी यांच्यात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्दच होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण लाभार्थीच साक्षीदार असला की संशयाला जागा मिळते. कुटुंबाचा डॉक्टर साक्षीदार असणे आणि त्याने त्याच दिवशी मानसिक स्थितीचा दाखला देणे, हा वृद्धांसाठी सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

संशयाची कसोटी कोणती, हे १९५८ च्या व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालाने ठरवून दिले आणि आजही न्यायालये त्याच वाटेने जातात. सही थरथरलेली आणि शंकास्पद आहे का, लिहिणाऱ्याचे मन दुबळे झाले होते का, वाटणी अस्वाभाविक आहे का, आणि ज्याला मोठा लाभ झाला त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला का, हे प्रश्न उभे राहिले तर त्यांची उत्तरे मृत्युपत्र मांडणाऱ्याने द्यायची असतात. नोंदणी केल्याने ही जबाबदारी संपत नाही. तरीही नोंदणी करावीच, कारण मूळ प्रत हरवली तरी दाखला राहतो आणि लिहिणारा स्वतः निबंधकासमोर उभा होता एवढे तरी दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधक घरी येण्याचीही कायद्यात सोय आहे. शिवाय जिल्हा निबंधकाकडे मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात ठेवता येते, ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. एका मुलाला कमी द्यायचे असेल तर त्याचे कारण मृत्युपत्रातच दोन वाक्यांत, कटुता न आणता लिहावे. ‘मोठ्या मुलास शिक्षणासाठी व घरासाठी मी पूर्वीच रक्कम दिली आहे’ हे वाक्य पुढे अनेक वर्षांचा दावा वाचवू शकते.

मजकुरात बाकी काय असावे, हे थोडक्यात सांगता येते. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे वाक्य, मालमत्तेचे नेमके वर्णन, प्रत्येक लाभार्थी आपल्या आधी वारला तर पर्याय कोण, आणि यादीत न आलेले जे काही शिल्लक असेल ते कोणाला. हे शेवटचे कलम विसरले की नंतर घेतलेली ठेव किंवा जमीन पुन्हा कायद्याच्या वाटणीत जाते. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर नेमावा. तो लाभार्थी असला तरी चालतो. अज्ञान मुलांसाठी पालक नेमता येतो. पतिपत्नींनी एकच संयुक्त मृत्युपत्र करण्याऐवजी दोन स्वतंत्र करावीत, कारण एक जण गेल्यावर दुसऱ्याला बदल करता येतो की नाही यावरून हमखास वाद होतो. खाडाखोड करायची तर तिच्यापाशीही सही आणि साक्ष लागते. त्यापेक्षा नवे मृत्युपत्र लिहिणे सोपे.

मृत्युपत्राने काय देता येत नाही, हेही माहीत हवे. मुंबईतल्या जुन्या चाळीतली भाड्याची खोली अनेक जण मृत्युपत्रात लिहितात. भाडेकरूचा हक्क असा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच स्पष्ट केले आहे. भाडेकरू वारल्यावर तो हक्क कोणाकडे जावा, हे भाडे नियंत्रण कायदाच ठरवतो. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने देण्यावर १९४८ च्या मुंबई कूळकायद्याची बंधने येतात. गुजरातमधील प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आणि कायद्याचे मूळ महाराष्ट्रातही तेच आहे.

‘नॉमिनी लावलाय, आता मृत्युपत्र कशाला?’ हा या विषयातला सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. बँक किंवा कंपनी त्याला रक्कम देऊन मोकळी होते, मालकी मात्र वारसांची किंवा मृत्युपत्रातील लाभार्थीची. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितले. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत तो प्रश्न ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून उभा राहिला. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमले होते. २०१३ मध्ये त्यांच्या निधनानंतर या दोन कागदांपैकी कोणता वरचढ, यावर दावा चालला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही असा निर्वाळा दिला. सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्येही २०१९ च्या दुरुस्तीपासून नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद मानला जातो. विमा कायद्यात २०१५ मध्ये आईवडील, जोडीदार आणि मुले यांच्यासाठी ‘लाभार्थी नॉमिनी’ची वेगळी तरतूद आली, तिच्या व्याप्तीबद्दल मात्र न्यायालयांत एकवाक्यता नाही. नॉमिनी लावूच नये असा याचा अर्थ नव्हे. नॉमिनीमुळे पैसा लवकर हाती येतो, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. नॉमिनी आणि मृत्युपत्रातील लाभार्थी शक्यतो एकच असावेत, एवढी काळजी घेतली की निम्मे वाद उद्भवत नाहीत.

हयातीतच सगळे मुलांच्या नावे करून टाकण्याची आपल्याकडे जुनी ओढ आहे, आणि नियोजनातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेती पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क नाममात्र असते, त्यामुळे मोह वाढतो. पण बक्षीसपत्र एकदा झाले की परत घेता येत नाही, तर मृत्युपत्र शेवटपर्यंत आपल्या हातात राहते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील २३ व्या कलमाने, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते. त्यासाठी वृद्ध आईला पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. राहते घर शेवटच्या श्वासापर्यंत स्वतःच्या नावावर ठेवावे आणि पुढची व्यवस्था मृत्युपत्रात करावी, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. अपवाद एक: दिव्यांग किंवा स्वतःचे व्यवहार पाहू न शकणाऱ्या मुलासाठी हयातीतच न्यास करून त्यात रक्कम ठेवणे. त्याच्या नावावर थेट मालमत्ता करून भागत नाही, ती सांभाळणारा लागतो.

मृत्युपत्र केले म्हणजे वाद टळलाच, असेही नाही. महाराष्ट्राच्या इतिहासातले ताईमहाराज प्रकरण याची साक्ष आहे. पुण्याचे सरदार बाबामहाराज ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी लोकमान्य टिळकांसह काही जणांना विश्वस्त नेमले होते आणि मुलगा झाला नाही किंवा जगला नाही तर पत्नी ताईमहाराज यांनी विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे लिहिले होते. मुलगा झाला, पण दोनेक महिन्यांतच गेला. १९०१ मध्ये औरंगाबादला दत्तविधान झाले. नंतर ताईमहाराजांनी ते नाकारून कोल्हापुरात दुसरा दत्तक घेतला. खटले सुरू झाले, टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप येऊन शिक्षा झाली, ती १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि दत्तकाचा अंतिम निकाल प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने दिला. मरणाऱ्याची इच्छा पुरी व्हायला अठरा वर्षे लागली. ती पुरी झाली याला दोन कारणे होती: ती कागदावर होती, आणि ती राबवणारा माणूस मागे हटणारा नव्हता. एक्झिक्युटर निवडताना नातेवाइकांतील मानपान बाजूला ठेवावा, हे या प्रकरणातून आजही घेण्यासारखे आहे.

मृत्यूनंतरची प्रक्रिया मालमत्तेनुसार बदलते. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाची मोहोर. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत हिंदूंसाठीही ते दीर्घकाळ सक्तीचे होते, त्यामुळे मुंबईतला फ्लॅट नावावर व्हायला वर्षे लागत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील ती सक्ती करणारे कलम २१३ वगळले. प्रोबेट आता ऐच्छिक असले तरी वाद असेल तिथे ते घेणेच हिताचे. मृत्युपत्र नसेल तर बँक ठेवी आणि शेअरसाठी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र, आणि महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला घ्यावा लागतो. मूळ मृत्युपत्र फक्त स्वतःच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवणे टाळावे. ते हाती येण्याआधी लॉकर उघडण्याचीच लढाई करावी लागते.

मुस्लिमांमध्ये मृत्युपत्र तोंडीही चालते, पण अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता एक तृतीयांशापुरतेच. सुन्नी कायद्यात वारसाला त्यातूनही देण्यासाठी इतर वारसांची संमती लागते. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा आजही चालू आहे आणि २०१२ चा वारसा कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. विवाहाने पतिपत्नींची मालमत्ता सहसा सामाईक होते, त्यामुळे निम्मी जोडीदाराची असतेच; उरलेल्या निम्म्यातला अर्धा भाग मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. मृत्युपत्राने देण्याजोगा उरतो तो साधारण चौथा हिस्सा, आणि ते मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करावे लागते. गोवेकराचे घर मुंबईत असले तरी वारसा गोव्याच्या कायद्यानेच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे.

परदेशातील मालमत्तेसाठी त्या त्या देशाच्या नियमांनुसार वेगळे मृत्युपत्र करावे आणि एकाने दुसरे रद्द होणार नाही अशी शब्दरचना करावी. भारतात १९८५ पासून संपत्ती शुल्क नाही, म्हणून करांचा विचार इथे कोणी करत नाही. पण पुण्यात बसून अमेरिकी कंपन्यांचे शेअर थेट घेणाऱ्याच्या वारसांना ६०,००० डॉलरच्या वर अमेरिकेचा मृत्युकर लागू शकतो, आणि ब्रिटनमध्ये ३,२५,००० पौंडांच्या वर तो ४० टक्के आहे.

उपचार कधी थांबवावेत हे सांगणारे वैद्यकीय इच्छापत्र हा पूर्ण वेगळा दस्त. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे असतात. ते मृत्युपत्रात मिसळू नये, कारण मृत्युपत्र उघडले जाते तेव्हा त्याची वेळ निघून गेलेली असते.

लग्न, घटस्फोट, नातवंडाचा जन्म, लाभार्थीचा मृत्यू, घराची विक्री यांतले काहीही घडले की मृत्युपत्र पुन्हा वाचावे लागते. सोबत खाती, विमा, कर्जे, डीमॅट आणि ऑनलाइन खात्यांची एक यादी ठेवावी. जिची माहिती कोणालाच नाही अशी बँक ठेव दहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, आणि वारसांना ती ‘उद्गम’ पोर्टलवर शोधावी लागते. ज्यांच्या नावावर घर, जमीन किंवा ठेव आहे अशा प्रत्येकाने हे काम प्रकृती धडधाकट असतानाच करावे. मूल नसलेली जोडपी, एकट्या राहणाऱ्या किंवा विधवा स्त्रिया, दुसरे लग्न झालेली माणसे आणि दिव्यांग मुलांचे पालक यांना कायद्याची आपोआप होणारी वाटणी सर्वांत कमी मानवते. त्यांनी तर ते याच महिन्यात करावे.